बाल्कनीतल्या दोरीवर शिंजीरचं (सनबर्ड, फुलातला मध पिणारा छोटा पक्षी) घरटं, काय करू?

ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. कपडे वाळत घालायच्या दोरीवर शिंजीरच्या मादीने लोंबतं घरटं बांधलंय, काड्या, कापूस, सालीचे तुकडे सगळं कोळ्याच्या जाळ्याने चिकटवलंय आणि दारावर चक्क छोटं छप्पर पण काढलंय! पण पुढच्या आठवड्यात बिल्डिंगचं पेंटिंग आहे. घरटं कुंडीत हलवलं तर चालेल का?

- अजिबात हलवू नका ताई, जागा बदलली की मादी बरेचदा सोडून जाते. अंडी बहुतेक दोनच असतात, उबवायला साधारण 15 दिवस आणि पिल्लं उडायला अजून दोनेक आठवडे, म्हणजे महिन्याभराचाच प्रश्न आहे. कमिटीशी बोला.

- ऐरोलीहून. आमच्याकडे जास्वंदीवर येतात, लांब फुलात चोच पुरली नाही तर देठाजवळ भोक पाडून मध पितात. साखरपाणी ठेवू नका, पिल्लांना कोळी आणि किडेच लागतात, म्हणून कुंड्यांवर औषध तर मुळीच मारू नका प्लीज.

- थँक्यू दोघांना! कमिटीने आमची बाल्कनी शेवटी ठेवलीय. आत्ता बघितलं, दारातून फक्त वाकडी चोच बाहेर दिसतेय 😊