फॉल्स चर्च कुणाचं? सोडून गेलेल्यांचं की उरलेल्यांचं?

पोटोमॅककर
वॉशिंग्टन डीसीजवळ व्हर्जिनियात फॉल्स चर्च नावाचं उपनगर आहे. चर्च आधीचं, गाव मागाहून त्याच्या नावाने वसलं. पहिली लाकडी इमारत १७३३ची, आताची विटांची १७६९ची. जॉर्ज वॉशिंग्टन इथल्या व्हेस्ट्रीवर, म्हणजे आपल्या भाषेत पंचमंडळात, होता.

२००३ साली न्यू हॅम्पशायरमध्ये जीन रॉबिन्सन हे उघडपणे समलिंगी असलेले धर्मगुरू एपिस्कोपल चर्चचे, म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन पंथाच्या संस्थेचे, बिशप झाले. फॉल्स चर्चही याच संस्थेतलं. त्यावरून इथे बिनसलं. डिसेंबर २००६मध्ये सुमारे ९० टक्के मतं एपिस्कोपल चर्च सोडण्याच्या बाजूने पडली आणि मंडळी नायजेरियाच्या अँग्लिकन चर्चच्या छत्राखाली गेली. मग वास्तू कुणाची यावरून एपिस्कोपल चर्चशी कोर्ट. बाहेर पडलेले २००८ला जिंकले, २०१०ला व्हर्जिनियाच्या सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, २०१२ला हरले आणि त्याच वर्षी मे महिन्यात किल्ल्या दिल्या.

रॉबिन्सनबद्दलचं त्यांचं मत मला अजिबात पटत नाही. तरी हे अन्यायाचं वाटतं. शेजारचं मोठं प्रार्थनागृह १९९२ला उभं राहिलं ते याच मंडळींच्या देणग्यांतून. दहातले नऊ जण बाहेर आणि वास्तू उरलेल्या एकाची?

खटलेबाज
असहमत. गावच्या देवळात पिढ्यानपिढ्या वर्गणी दिली म्हणून सातबाऱ्यावर आपलं नाव चढत नाही, देवाचंच राहतं. तसंच हे. १९७९पासून एपिस्कोपल चर्चचा लेखी नियम आहे की स्थानिक चर्चची मालमत्ता संपूर्ण संस्थेसाठी विश्वस्त म्हणून धरलेली असते. तो असताना ही मंडळी सत्तावीस वर्षं गुण्यागोविंदाने नांदली. भांडण झाल्यावर नियम आठवला होय?

पोटोमॅककर
@खटलेबाज, एपिस्कोपल चर्चची घटना १७८९ची. इमारत तिच्याहून वीस वर्षांनी मोठी! नातवाने आजोबांच्या घरावर हक्क सांगावा तसं झालं.

खटलेबाज
वारसाहक्क म्हणतात तो हाच. तुमचा हिशोब धरला तर किल्ल्या लंडनला धाडाव्या लागतील, कारण १७६९मध्ये ते चर्च ऑफ इंग्लंडचं होतं.

मोगरा_७२
दोघेही मोठ्या मजेने भांडताय. पण १७६९चा पैसा देणगीचा नव्हताच. त्या काळी व्हर्जिनियात पॅरिशचा, म्हणजे चर्चच्या हद्दीचा, कर तंबाखूच्या वजनात वसूल व्हायचा, आणि बाप्टिस्ट, म्हणजे वेगळ्या पंथाचे, असाल तरी सुटका नाही. बांधकामात गुलामांचे हात होते. आज आवारात त्यांच्यासाठी कृतज्ञतेची आणि पश्चात्तापाची पाटी आहे. ९० टक्के म्हणताना यांना कुठल्या रकान्यात धरायचं?

आणि उरलेल्यांबद्दल कुणी बोलतच नाही. ती मूठभर माणसं खटला चालू असताना रस्त्यापलीकडच्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या आसऱ्याने रविवारची उपासना करत होती. समोर आपलं चर्च दिसतंय आणि आत जाता येत नाही. पोटोमॅककर, तुमचा अन्याय इथे का थांबतो?

सावंतवाडीचा
एक अवांतर माहिती. आपल्याकडेही असा खटला झाला. १९७०ला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात गुजरातेतलं ब्रदरेन चर्च विलीन झाल्याचं सांगून त्याच्या मालमत्तेवर हक्क सांगितला गेला. २०१३ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, नुसत्या ठरावाने मालमत्ता जात नाही, ट्रस्ट कायद्यानेच विसर्जित व्हायला हवा. कायदा कोणता, तर सार्वजनिक ट्रस्टांचा आपला मुंबईचा १९५०चा. म्हणजे ठराव राहण्याचा असो वा सोडण्याचा, कोर्ट कागदच बघतं.

पोटोमॅककर
@मोगरा, प्रेस्बिटेरियन चर्चचा मुद्दा मी लिहितानाच टाळला होता, हे कबूल. कारण तो माझ्या बाजूला बसत नव्हता. पण २०१४ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने दाद घेतली नाही, आणि २०१९ला बाहेर पडलेल्यांनी स्वतःचं नवं चर्च बांधलं. पुन्हा आपल्याच पैशांनी. त्यामुळे १९९२च्या इमारतीचा हिशोब मला अजून लागत नाही.

खटलेबाज
या वेळी सातबारा नीट बघून घेतला असेल.