मनाचं आणि चालढकलीचं इंग्रजी: शिकवणाऱ्या कोल्हापूरकरांनो, लिहा

परगावच्या कंपनीचं काम घरून करणारी, बाहेरच्या विद्यापीठात अर्ज टाकणारी, व्हिडिओवर परराज्यातल्या समुपदेशकाशी बोलणारी पोरं आता कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत. व्याकरण त्यांना बरं येतं. पण ‘काम सुरूच होत नाहीये’ किंवा ‘रात्री जीव घाबरा होतो’ हे सांगायची वेळ आली की गाडी ‘आय हॅव टेन्शन’वर येऊन थांबते. ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध आहे त्यांनी काय शिकवावं आणि कुठं अडतं ते लिहावं. स्वतःची कहाणी नको, कामाचं लिहा. समोरचा डॉक्टर मराठी बोलणारा असेल तर मराठीतच बोला, हे आधीच सांगते. सीपीआर या आपल्या सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत इंग्रजीची काही गरज नाही.

इंग्रजीची शिक्षिका, शाहूपुरी

सुरुवात ‘प्रोक्रॅस्टिनेशन’ पाठ करण्यापासून करू नका. बोलण्यात ‘पुट ऑफ’ जास्त कामाला येतं. त्याच्यापुढं क्रियापद आलं तर त्याला आयएनजी लागतो: ‘आय कीप पुटिंग ऑफ कॉलिंग द डॉक्टर.’ इथं ‘टू कॉल’ चालत नाही. ‘इट’ आलं तर ते मधे बसतं, ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ म्हटलं की वाक्य मोडतं, आणि मुलं नेमकी इथंच चुकतात.

‘प्रोक्रॅस्टिनेट’ वापरायचंच असेल तर मधे ‘ऑन’ घाला: ‘आय प्रोक्रॅस्टिनेटेड ऑन माय असाइनमेंट.’ क्रियापदात जोर ‘क्रॅस’वर येतो, नाम झालं की तो ‘ने’वर सरकतो. आणि ‘पोस्टपोन’शी गल्लत नको. मीटिंग सगळ्यांना कळवून पुढं नेली तर ती पोस्टपोन झाली, त्यात कुणाचा दोष नाही. करायचं माहीत असून, नुकसान दिसत असून टाळत राहिलो तर ते प्रोक्रॅस्टिनेशन. नुसतं राहून गेलं असेल तर ‘आय डिडन्ट गेट राउंड टू इट’ म्हणावं, ते सौम्य आहे.

समुपदेशक, राजारामपुरी

बाईंच्या मुद्द्याला जोडून सांगतो. मुलं चालढकलीसाठी लगेच ‘आय ॲम लेझी’ म्हणतात. त्याने ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. सिरॉइस आणि पायचिल या संशोधकांनी २०१३ साली मांडलं की चालढकल हा मुळात वेळेच्या नियोजनाचा प्रश्न नाही. नकोशा भावनेपासून तात्पुरती सुटका मिळावी म्हणून माणूस काम टाळतो. म्हणून त्या भावनेसाठी शब्द हवा. ‘आय ड्रेड ओपनिंग द फाइल’ म्हणजे फाइल उघडायच्या विचारानंच धडकी भरते. ‘आय डोन्ट नो व्हेअर टू स्टार्ट, सो आय फ्रीझ’ म्हणजे कुठून सुरू करू कळत नाही, म्हणून हातपाय गळतात. ‘आय फील गिल्टी, अँड देन आय अव्हॉइड इट ईव्हन मोअर.’ ही तीन वाक्यं तोंडात बसली तर समुपदेशकाला पुढचे प्रश्न विचारता येतात.

आता मनाच्या तक्रारी. आपल्याकडं दुखणं आधी शरीरातून सांगतात, ते तसंच इंग्रजीत न्या, त्यात कमीपणा नाही. छातीत धडधडतं: ‘माय हार्ट रेसेस.’ जीव घाबरा होतो: ‘आय फील पॅनिकी.’ पण ‘डोक्याला शॉट’ एका शब्दात नेता येत नाही. चिडचिड होत असेल तर ‘इरिटेबल’, सतत दचकल्यासारखं होत असेल तर ‘ऑन एज’, एकावेळी सगळं अंगावर आलं असेल तर ‘ओव्हरव्हेल्म्ड’. तिघांवर उपाय वेगळा निघतो, म्हणून फरक करायचा.

सगळ्यांत जास्त घोटाळा ‘मन लागत नाही’चा होतो. त्याचे दोन अर्थ आहेत. आवडीच्या गोष्टीतही गोडी उरली नाही: ‘आय हॅव लॉस्ट इंटरेस्ट इन थिंग्ज.’ गोडी आहे, पण लक्ष टिकत नाही: ‘आय कान्ट कॉन्सन्ट्रेट.’ नैराश्याच्या चाचपणीसाठी वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली घ्या. तिथं गोडी पहिल्या प्रश्नात आहे आणि एकाग्रता सातव्यात. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल असतात. ‘सेव्हरल डेज’ म्हणजे काही दिवस, ‘मोअर दॅन हाफ द डेज’ म्हणजे चौदांपैकी निम्म्याहून जास्त. ‘सेव्हरल’चा अर्थ ‘खूप’ असा धरून खूण केली की गुण चुकतात. ही प्रश्नावली निदान करत नाही, पुढं तपासायला हवं का एवढंच सांगते.

एचआर, शिरोली एमआयडीसी

ईमेलमध्ये तीन गोष्टी पुरतात: काय होतंय, कधीपासून, काय हवंय. ‘आय हॅवन्ट बीन स्लीपिंग वेल फॉर थ्री वीक्स, अँड इट इज अफेक्टिंग माय वर्क. कुड आय हॅव अनटिल फ्रायडे टू फिनिश द रिपोर्ट?’ कालावधीला ‘फॉर’, सुरुवातीच्या दिवसाला ‘सिन्स’. ‘आय ॲम हॅविंग स्ट्रेस फ्रॉम लास्ट टू मंथ्स’ हे आपलं ठरलेलं चुकीचं वाक्य, ते ‘आय हॅव बीन स्ट्रेस्ड फॉर टू मंथ्स’ असं करा. ‘कोप अप विथ’मधला ‘अप’ काढून टाका. ‘डिस्कस अबाउट’मधला ‘अबाउट’सुद्धा.

निदानाचं नाव लिहायची गरज नसते, ‘फॉर हेल्थ रीझन्स’ बास. ‘बर्नआउट’ जपून वापरा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याला कामाच्या ठिकाणच्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था म्हटलं, आजार म्हटलेलं नाही. परीक्षेच्या थकव्याला ‘एक्झॉस्टेड’ किंवा ‘ड्रेन्ड’ बरं.

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेचा चालक, मंगळवार पेठ

पाठांतराची पद्धत सांगतो. लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये मांडलेली डब्यांची रीत सोपी आहे. जाड कागदाच्या चिठ्ठ्या, तीन डबे. पहिला डबा रोज उघडायचा, दुसरा दर तिसऱ्या दिवशी, तिसरा आठवड्याला. बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या डब्यात, चुकलं की थेट पहिल्यात. रोज पाचच नव्या. पुढच्या बाजूला मराठी वाक्य, मागं इंग्रजी वाक्य. सुटा शब्द लिहिलात तर ‘वरीड’नंतर ‘अबाउट’ येतं, हे बोलताना आठवत नाही.

‘ॲन्क्शस, नर्व्हस, वरीड’ एकाच दिवशी घेऊ नका, जवळच्या अर्थाचे शब्द एकमेकांत मिसळतात. आठवडाभराचं अंतर ठेवा. आणि चिठ्ठ्या रंगीत पेनांनी सजवत बसणं हीसुद्धा चालढकलच आहे. एकाच पेनने लिहा, त्याच दिवशी तोंडाने म्हणा.

शाहूपुरीची शिक्षिका, पुन्हा

उच्चाराचं राहिलं. ‘सायकॉलॉजिस्ट’, ‘सायकायट्रिस्ट’ दोन्हींत सुरुवातीचा पी मूक आहे. औषधं लिहून देतो तो दुसरा. ‘ॲन्क्शस’चं नाम ‘ॲन्झायटी’ होतं, तिथं जोर ‘झाय’वर.

राजारामपुरीचा समुपदेशक

ऐकणाऱ्याचंही इंग्रजी शिकवा, ते कुणी शिकवत नाही. मैत्रिणीने मन मोकळं केलं आणि आपण ‘डोन्ट वरी, बी पॉझिटिव्ह’ म्हणालो की ती गप्प होते. ‘दॅट साउंड्स रिअली हार्ड’ म्हणा, मग ‘डू यू वॉन्ट ॲडव्हाइस, ऑर शुड आय जस्ट लिसन?’ असं विचारा. ‘ॲडव्हाइस’ला एस लावू नका. ‘कमिटेड सुइसाइड’ऐवजी ‘डाइड बाय सुइसाइड’ म्हणा, आधीच्या शब्दात गुन्ह्याचा वास आहे. आणि समोरचा जीव द्यायची भाषा करत असेल तर शब्द जुळवत बसू नका. सरळ विचारा, एकटं सोडू नका आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा. तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.