बायकोची फाईल: आत्ता भरू की सिटिझन झाल्यावर?

प्रेषक: ओंकार

नमस्कार मंडळी,

या ईमेल यादीवर मी नुसता वाचक. आज पहिल्यांदाच लिहितोय, तेही स्वतःच्या कामासाठी, तेव्हा आधीच माफी मागतो.

अमेरिकेत ग्रीन कार्ड होऊन चार वर्षं सात महिने झाले. फेब्रुवारीत भारतात रजिस्टर लग्न केलं, सगळ्यांना बोलावून करायचं लग्न डिसेंबरात आहे. बायको सध्या तिकडेच. तिच्यासाठी आय-१३० (नातेवाइकाला बोलावण्याचा अर्ज) आत्ता भरू, की थोडं थांबून सिटिझन झाल्यावर? एक वकील म्हणतो आत्ता, दुसरा म्हणतो थांबा. सल्ल्याचे पैसे मात्र दोघांनीही घेतले.

दुसरं म्हणजे ऑफिसने सात महिने भारतातून काम करायला परवानगी दिली आहे. जावं असं वाटतंय. व्हिडिओ कॉलवरचा संसार आता पुरे झाला.

ओंकार

*

प्रेषक: प्रसाद

ओंकार, एवढा काथ्याकूट कशाला? तिला टुरिस्ट व्हिसावर आण आणि इथूनच ग्रीन कार्डचा अर्ज टाक. आमच्या ऑफिसातल्या एकाने हेच केलं. काही होत नाही. त्याची बायको आता नोकरीसुद्धा करते.

*

प्रेषक: नाना

ओंकार, प्रसाद आणि मंडळी,

प्रसाद, तुझ्या ऑफिसातला तो गृहस्थ सिटिझन असणार, लाव पैज. सगळी मेख तिथेच आहे.

सिटिझनची बायको म्हणजे ‘इमीजिएट रिलेटिव्ह’. या वर्गाला वार्षिक कोटा नाही, म्हणून रांगही नाही. ती रीतसर व्हिसावर आत आलेली असेल तर मुदत उलटून गेली तरी कायदा तिला इथूनच अर्ज करू देतो. ग्रीन कार्डवाल्याची बायको मात्र ‘एफ-टू-ए’. तिथे कोटा आहे. व्हिसा बुलेटिनमध्ये (कोणाचा नंबर लागला ते सांगणारा सरकारी तक्ता) आपली तारीख लागल्याशिवाय इथून अर्ज करता येत नाही, आणि तोपर्यंत तिचं इथलं स्टेटस शाबूत असावं लागतं. टुरिस्टला साधारण सहा महिने मिळतात. तेवढ्यात तारीख लागली नाही तर काय, हे तुझ्या त्या मित्राला विचार. जुलै २०१९ ते मार्च २०२३ हा वर्ग ‘करंट’ होता, तेव्हा रांगच नव्हती. त्या दिवसांतले किस्से अजून फिरतात आणि लोक त्यांच्या भरवशावर तिकिटं काढतात. एप्रिल २०२३ च्या बुलेटिनला तारीख मागे गेली आणि रांग परत आली.

शिवाय नवऱ्याची आय-१३० चालू असताना टुरिस्ट व्हिसाच्या खिडकीवर ‘मी परत येणार’ हे पटवून द्यायचं, ते वेगळंच. न पटलं तर व्हिसा नाही. आणि मनात राहायचं ठरवून विमानतळावर ‘फिरायला आलेय’ असं सांगितलं आणि ते पुढे उघड झालं, तर खोटं सांगून प्रवेश मिळवल्याचा ठपका बसतो. तो जन्मभराचा असतो. त्यातून सुटायला वेगळी माफी मागावी लागते आणि ती मिळेलच असं नाही. एवढ्यासाठी आपल्याच बायकोला खोटं बोलायला शिकवू नये.

आता तुझा मूळ प्रश्न. आत्ताच भर. अर्ज यूएससीआयएसकडे (इमिग्रेशन खात्याकडे) पोचला तो दिवस तुझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तुझी जागा. पुढे तू सिटिझन झालास की तीच फाईल वरच्या वर्गात सरकते. नवा अर्ज नाही, पुन्हा फी नाही. नॅचरलायझेशन सर्टिफिकेटची प्रत जोडून कळवायचं, फाईल यूएससीआयएसकडे असेल तर त्यांना, पुढे एनव्हीसीत (व्हिसाचे कागद गोळा करणाऱ्या केंद्रात) गेली असेल तर तिकडे. म्हणजे मंजुरीसाठी जो वेळ जाणार, तो तुझ्या सिटिझनशिपच्या वेळाबरोबरच निघून जातो. ‘थांबा’ म्हणणाऱ्या वकिलाचं गणित मला कळलेलं नाही.

एन-४००, म्हणजे सिटिझनशिपचा अर्ज, पाच वर्षांच्या ९० दिवस आधी भरता येतो, म्हणजे तुला आणखी दोनेक महिने. आणि नेमका आत्ता तू सात महिने भारतात जायचं म्हणतोस! एका दमात सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलास तर सिटिझनशिपसाठी लागणारं सलग वास्तव्य तुटलं असं धरतात, आणि ते तुटलं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुझ्यावर येते. अर्ज भरल्यानंतरही शपथ होईपर्यंत हेच लागू. बायकोजवळ राहायच्या ओढीने तिचीच रांग लांबवशील. दोन-दोन महिन्यांच्या फेऱ्या मार. विमान कंपनीला दुवा दे.

मी वकील नव्हे. जेवणाच्या टेबलावर बसून घरातल्या तीन फायली भरल्यात, एवढाच माझा अधिकार.

नाना

*

प्रेषक: मेधा

नमस्कार,

नानांशी सहमत. मी स्वतः बायको म्हणून त्या खिडकीपुढे उभी राहिलेली आहे, म्हणून नावांबद्दल लिहिते. फॉर्म कोणालाही भरता येतात, फाईल अडते ती नावांवर.

माझ्या जन्मदाखल्यात बाळाच्या नावाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर सासरी ठेवलेलं नवीन नाव, ज्या नावाने त्या दिवसानंतर मला कोणीही हाक मारलेली नाही. चार कागद आणि चार बायका. खिडकीपलीकडच्या माणसाने ते चारही कागद एकमेकांशेजारी मांडले, त्या रेघेवर पेनाचं टोक ठेवलं आणि विचारलं, यातली तुम्ही कोणती?

आवाजात राग नव्हता. पण माझ्याकडे उत्तरादाखल कागद नव्हता. हातात कागद अपुरे असल्याची एक रंगीत चिठ्ठी आणि पासपोर्ट परत. मग नगरपालिकेत जाऊन दाखल्यात नाव चढवून घेणं, आईचं प्रतिज्ञापत्र, ‘ही सगळी नावं एकाच व्यक्तीची’ असं माझं प्रतिज्ञापत्र. या सगळ्यात अकरा आठवडे गेले. दोष कोणाचाच नव्हता, माझाच होता. एवढे कागद मी कधी एका जागी ठेवून पाहिलेच नव्हते.

म्हणून ओंकार, आजच तिला सांग. जन्मदाखला काढून बघ. नोंदच नसेल तर तिथून अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्यायचं आणि जोडीला शाळेचा दाखला व आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र. लग्नाचा पुरावा म्हणजे निबंधकाने दिलेला दाखला, कार्यालयाची पावती किंवा भटजींची चिठ्ठी नव्हे. मराठीत असलेल्या प्रत्येक कागदाचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, खाली भाषांतर करणाऱ्याने ‘मला दोन्ही भाषा येतात आणि हे अचूक आहे’ असं लिहून सही करायची. संपूर्ण म्हणजे गोल शिक्क्यातला मजकूरसुद्धा. आणि फाईल चालू असताना पासपोर्टवरचं नाव बदलायचा उत्साह कोणाला आला तर तो हाणून पाडा. आधी वापरलेली सगळी नावं डीएस-२६० मध्ये (व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात) लिहायला जागा असते, तिथे एकूण एक लिहायची. हाकेचं नाव नाही, कागदावरचं प्रत्येक.

पोलिसांचं पीसीसी, म्हणजे गुन्हा नोंद नसल्याचं प्रमाणपत्र, पासपोर्ट सेवेतून मिळतं. ती वयाच्या सोळाव्या वर्षानंतर आणखी कुठल्या देशात वर्षभर राहिली असेल तर तिथलंही लागेल. मेडिकलची घाई करू नका. ते ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच होतं, आणि व्हिसाची मुदत सहसा त्याच्याशी बांधलेली असते.

मेधा

*

प्रेषक: ओंकार

नाना, मेधाताई, खूप आभार. सात महिन्यांचा बेत रद्द. बायकोला रात्रीच फोन केला. तिच्या जन्मदाखल्यावर नाव आहे, पण वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं निघालं.

दोन गोष्टी लिहायच्या राहिल्या. डिसेंबरच्या लग्नाची पत्रिका छापून झाली आहे आणि त्यात अर्थातच ‘विवाह’ म्हणून डिसेंबरची तारीख आहे. फॉर्मवर कोणती तारीख लिहू?

दुसरी गोष्ट. तिचं हे दुसरं लग्न. पहिल्या लग्नापासूनची सात वर्षांची मुलगी आहे, ती आमच्याबरोबरच राहणार. ‘थांबा’ म्हणणाऱ्या वकिलाला हे सांगितलं होतं, पहिल्याला सांगायचं राहिलं.

*

प्रेषक: नाना

अरे बाबा, ही गोष्ट पहिल्याच मेलमध्ये पहिल्या ओळीत लिहायची असते!

त्या वकिलाबद्दलचे माझे शब्द मी परत घेतो, निदान अर्धे. त्याला काय दिसलं ते आता कळलं. एफ-टू-ए मध्ये आईच्या फाईलवरच मुलगी येते, वेगळा अर्ज लागत नाही. पण तू सिटिझन झालास आणि फाईल इमीजिएट रिलेटिव्ह झाली, की ती सोय जाते. त्या वर्गात कोणीच कोणाच्या मागोमाग येत नाही, प्रत्येकाचा आपापला आय-१३०. लोक आनंदाने शपथ घेतात, फाईल वर सरकवतात, आणि आईची मुलाखत लागते तेव्हा कळतं की मुलीच्या नावाने काहीच भरलेलं नाही. मग आई इकडे आणि पोर तिकडे. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, जास्त लिहीत नाही.

पण त्यावर उपाय थांबणं नव्हे. आत्ताच दोन अर्ज भर, एक बायकोचा, एक मुलीचा. सावत्र मुलीसाठी अट एकच, तुमचं लग्न ती अठरा वर्षांची व्हायच्या आत झालेलं असावं. सातव्या वर्षी काही प्रश्नच नाही. १ एप्रिल २०२४ पासून आय-१३० ची फी ऑनलाइन ६२५ डॉलर आहे, कागदावर ६७५. म्हणजे मुलीच्या अर्जाचे ६२५ जास्त. तेवढ्यात झोप विकत मिळते आहे असं समज. तू सिटिझन झालास की दोन्ही फायली एकदमच वर जातील.

जोडायचं काय, तर तिच्या घटस्फोटाचा न्यायालयाचा हुकूमनामा, शिक्क्यानिशी. आधीचं लग्न संपल्याशिवाय तुझं लग्न त्यांच्या लेखी लग्नच नाही. मुलीच्या फाईलला तिचा जन्मदाखला, आईचं नाव त्यावर हवं, आणि तुमच्या लग्नाचा दाखला. मुलीचा ताबा कोणाकडे, परदेशी न्यायला तिच्या वडिलांची हरकत नाही ना, हे हुकूमनाम्यात स्पष्ट नसेल तर आत्तापासून कामाला लाग. हा एक कागद असा आहे की जो अमेरिकेच्या हातात नाही, तुझ्याही नाही.

उत्पन्नाचं बघ. आय-८६४ मध्ये (खर्चाची हमी देणाऱ्या फॉर्ममध्ये) गरिबी रेषेच्या १२५ टक्के दाखवावं लागतं. २०२५ च्या तक्त्यात दोघांच्या घराला २६,४३७ डॉलर, तिघांच्या घराला ३३,३१२. तुझं घर आता तिघांचं धर. नोकरी आहे म्हणजे अडचण नाही, पण सही करण्यापूर्वी तो फॉर्म वाच. ती हमी घटस्फोटाने संपत नाही. बायको सिटिझन होईपर्यंत किंवा तिच्या नावावर कामाच्या ४० तिमाही जमेपर्यंत तुझ्या मानेवर असते. हे भाषण मी प्रत्येक नवऱ्याला देतो, वाईट वाटून घेऊ नकोस.

तारखेचं मेधा सांगेल, तिचा हात त्यात बसलेला आहे.

नाना

*

प्रेषक: मेधा

तारीख फेब्रुवारीची. कायद्याने लग्न झालं तो दिवस एकच, आणि तो निबंधकाच्या दाखल्यावर आहे. आय-१३०, डीएस-२६०, मुलाखत, सगळीकडे तीच. डिसेंबरची पत्रिका पुरावा म्हणून लावायचीच असेल तर सोबत चार ओळींचं पत्र जोडा की नोंदणी फेब्रुवारीत झाली, नातेवाइकांसमोर समारंभ डिसेंबरात. न सांगता पत्रिका लावली तर वाचणाऱ्याला वाटणार, फेब्रुवारीत यांचं लग्न झालंच नव्हतं. आणि तिलाही सांग, मुलाखतीत ‘लग्न कधी झालं?’ याला ‘डिसेंबर’ म्हणायचं नाही. आपण सवयीने समारंभाचाच दिवस बोलतो.

याच तारखेवरून दुसरी एक गोष्ट ठरते. ती अमेरिकेत उतरेल त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर सीआर-१, म्हणजे दोन वर्षांचं सशर्त कार्ड. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे ती अट काढून घ्यायचा अर्ज, भरायचा. दोन वर्षं उलटली असतील तर सरळ दहा वर्षांचं. व्हिसा सीआर-१ छापला गेला, पण उतरताना दोन वर्षं पूर्ण झालेली असतील तर विमानतळावरच्या अधिकाऱ्याला लग्नाचा दाखला दाखवून बदलून मागायचा. म्हणून मूळ दाखला हातातल्या बॅगेत, सामानात नाही.

पुराव्यासाठी फोटो ढीगभर नको. वेगवेगळ्या दिवसांचे, वेगवेगळ्या माणसांबरोबरचे थोडे. त्यात मुलीबरोबरचे तुझे नक्की. तुझ्या फेऱ्यांची तिकिटं, बँकेत किंवा विम्यात वारस म्हणून तिचं नाव, आणि गप्पांची पानं दर महिन्याची एक-दोन, सगळी नकोत.

पैशाचा अंदाज घेऊन ठेव. एनव्हीसीत गेल्यावर डीएस-२६० चे माणशी ३२५ डॉलर, आय-८६४ चे १२०. व्हिसा मिळाल्यावर निघण्याआधी यूएससीआयएसचे माणशी २३५, ते भरल्याशिवाय कार्ड छापत नाहीत.

वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून टाक, डिसेंबरात तिकडे कोणाला वेळ असणार नाही.

मेधा

*

प्रेषक: प्रसाद

नाना, विचारलं. सिटिझनच आहे तो. जन्माने.

*

प्रेषक: ओंकार

दोन्ही आय-१३० चे ड्राफ्ट ऑनलाइन उघडले आहेत. हुकूमनाम्यात ताबा आईकडे दिलाय, परदेशी नेण्याबद्दल एक अक्षर नाही. उद्या तिच्या वकिलांना फोन करतोय. मेधाताई, लग्नाचा दाखला आणि भाषांतर तुम्ही एकदा नजरेखालून घालाल का? रात्री स्कॅन पाठवतो.

*

प्रेषक: मेधा

पाठव. पण यादीवर नको, माझ्या पत्त्यावर. आणि दाखल्याची मागची बाजूही स्कॅन कर, आमच्या दाखल्यावर शिक्का तिथेच होता.