पत्र्यावर चार, कार्डावर आठ: ही फियाट घ्यावी का?

कॉलमशिफ्ट
मिरजेत १९६७ची फियाट ११०० डिलाइट बघून आलो. सायीचा रंग, दारं बंद करताना येणारा तो जुना घट्ट आवाज, स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा अजून लोण्यासारखा पडतो. मालकीणबाई सत्तरीच्या. यजमान गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, गाडी जागची हललेली नाही. भाव पावणेतीन लाख.

आता अडचण. आरसीच्या कार्डावर चेसिस नंबरात शेवटून दुसरा आकडा आठ आहे, गाडीच्या पत्र्यावर चार. इंजिन नंबर तर पूर्णच वेगळा. शिवाय चेसिस नंबर ठोकलाय त्या पत्र्याच्या दोन कडांना वेल्डिंगचा माग आहे, वरून ब्रशने काळा रंग फासलाय. बोट फिरवलं तर टोचतं.

घेऊ की नको? घरून "नको" असं मत आधीच आलंय, ते मोजू नका.

पॉइंटप्लग
डोळे झाकून घ्या. इंजिन नंबर जुळणारी फियाट शोधत बसलात तर तुमचीही सत्तरी येईल. १०८९ सीसीचं ते इंजिन डिलाइटपासून तिचीच पुढची आवृत्ती पद्मिनी बंद होईपर्यंत मुळात तेच होतं. मुंबईत हजारो टॅक्स्या, एकीचं उतरवायचं, दुसरीला चढवायचं, गाडी संध्याकाळच्या पाळीला रस्त्यावर. कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून आणलेल्या इंजिनाची पावती कोण जपून ठेवतो?

फॉर्म_तीस
पॉइंटप्लगभाऊ, इंजिन आणि चेसिस एका तागडीत घालू नका. इंजिन बदललं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंद करायची असते. केली नसेल तर कटकट आहे, पण निस्तरता येते.

चेसिस नंबर म्हणजे गाडीचं नाव. जीपला खाली वेगळी चौकट असते. फियाट ११००ला ती नाही, बॉडी हीच चेसिस. त्यामुळे नंबराचा पत्रा चौकोनी कापून जोडलेला असेल तर मी पहिला प्रश्न हाच विचारीन की हा तुकडा कुठल्या गाडीतून आला आणि या गाडीचा मूळ तुकडा कुठे गेला. भंगारात गेलेल्या गाडीची कागदपत्रं आणि नंबराचा पत्रा भलत्याच गाडीला लावणं हा धंदा जुना आहे.

आणि एक. चोरीचा माल आहे असं मानायला जागा असूनही घेतला तर "मला माहीत नव्हतं" चालत नाही. तुम्ही तर शंका इथे लिहूनच ठेवलीत!

पॉइंटप्लग
लगेच चोर? बॅटरीचं पाणी सांडून तिथला पत्रा खाल्ला जातो, टिंकरिंगवाला ठिगळ मारतो. माझ्या वडिलांच्या गाडीत अशी चार ठिगळं होती. सत्तरीच्या बाईंना टोळीत बसवू नका.

फॉर्म_तीस
बाईंबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. त्यांच्या यजमानांनी गाडी कोरी घेतली होती का? नसेल तर आधीच्या मालकाचं काय?

बाराखडी
गाड्यांतलं मला काही कळत नाही, पण कॉलमशिफ्ट, जुनं कागदी आरसी पुस्तक आहे का बघा. त्यात कुठे हाताने मराठीत ४ लिहिलाय का? मराठी चार आणि इंग्रजी आठ शेजारी ठेवून पाहा. घाईत लिहिलेल्या चारचं वरचं तोंड मिटलं की झाला इंग्रजी आठ. आमच्या सातबाऱ्यावर याच एका आकड्यापायी सहा वर्षं तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्यात.

जुनीजीप
मी नको म्हणणार. २०१२ साली लष्कराच्या लिलावातली म्हणून एक जीप घेतली होती. चौकटीवरचा नंबर घासलेला, पण विकणारा गोड बोलणारा. दुरुस्तीला लाखभर घातले. पुढे अपघात झाला, विमावाल्यांचा माणूस टॉर्च घेऊन खाली वाकला, नंबर वाचला, कागद बघितला आणि उठला. दावा नामंजूर. विकायला काढली तर प्रत्येक गिऱ्हाईक चेसिसचा पेन्सिल-छाप मागायचं आणि परत फोन करायचं नाही. आज ती कडुलिंबाखाली उभी आहे, आत कोंबड्या अंडी घालतात.

कॉलमशिफ्ट
बाराखडी, तुमच्या पायाचं तीर्थ घ्यायला हवं! काल परत गेलो. ट्रंकेतून पुस्तक निघालं. १९६७ची पहिली नोंद इंग्रजीत, स्वच्छ चार. १९७९ला गाडी यजमानांच्या नावावर झाली (म्हणजे कोरी नव्हती), ती नोंद मराठीत, आणि त्या चारचं तोंड बंद आहे. नंतर कार्ड छापताना आठ. पत्र्यावरचा नंबर पहिल्या नोंदीशी अक्षरन् अक्षर जुळतो.

पॉइंटप्लग
पेढे!

फॉर्म_तीस
आकड्याचं कोडं सुटलं, मान्य. बाराखडींना सलाम. पण वेल्डिंग जागेवरच आहे. जुळणारा नंबर ठिगळावर असेल तर तो फक्त ठिगळाची ओळख पटवतो. रंग खरवडून बघू द्या म्हणा. तुकडा चारी बाजूंनी जोडलाय का, अक्षरांची ठोकणी सरळ आहे का, पत्र्याची जाडी आजूबाजूसारखीच आहे का. नुसती खालची कड ठिगळाची असेल तर मीही घ्या म्हणेन.

बाकी कामं पैसे देण्याआधी. गाडी अजून यजमानांच्या नावावर असेल तर आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर, मगच तुमच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०. कार्डावरची दुरुस्ती विकणाऱ्याकडून. गाडी चोरीच्या नोंदीत नाही असा एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा) दाखला दोन्ही आकडे टाकून काढा. अकरा वर्षांचं थकलेलं नूतनीकरण वेगळंच.

हौशी_फियाट
पन्नाशीच्या वरची आहे ना? २०२१च्या नियमाने व्हिंटेज नोंदणी करा, व्हीए मालिकेचा नंबर मिळेल.

फॉर्म_तीस
त्या नियमात चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. इथे इंजिन परकं आणि बॉडीला ठिगळ. नव्या व्हीए नंबराला वीस हजार भरा, दहा वर्षांची मुदत मिळवा, आणि वर ती गाडी रोज फिरवायला मनाई. कॉलमशिफ्टना रविवारी नृसिंहवाडीला जायचं असणार.

कॉलमशिफ्ट
नृसिंहवाडीच. तुम्हाला कसं कळलं?

बाईंचे चिरंजीव पुण्यात असतात, त्यांना फोन केला. म्हटलं, वारसनोंद आणि कार्डाची दुरुस्ती तुम्ही करून द्या, रंग खरवडून पत्रा बघू द्या, पावणेतीनात एक पैसा कमी करणार नाही. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "त्या भानगडीत आम्ही पडत नाही. खरवडायचं काही नाही. आहे तशी, आजच्या आज नेत असाल तर दीड लाख द्या."

एका फोनवर सव्वा लाख उतरले. आईंना हे माहीत आहे का, ते विचारायचं राहिलं.

फॉर्म_तीस
मला जे कळायचं ते कळलं.

पॉइंटप्लग
दीड? मिरजेत नक्की कुठे म्हणालात?