नागावला लग्न आणि पाहुणे चार गावचे, गाड्यांचं कसं जमवावं?

मुक्काम_पोस्ट_कोथरूड

मंडळी, जरा मदत हवीय. बहिणीचं लग्न फेब्रुवारीत नागावला (अलिबागचं नागाव) करायचं ठरलंय. आम्ही पुण्याचे, मुलाकडचे डोंबिवली-ठाण्याचे, मधलं ठिकाण शोधता शोधता समुद्र आला. शुक्रवारी हळद, शनिवारी संध्याकाळी गोरज मुहूर्त, रविवारी सकाळी नाश्ता करून सगळे मोकळे. शुक्रवारी नेमकी शिवजयंती, म्हणजे तीन दिवस जोडून सुट्टी आणि अख्खी मुंबई अलिबागला, पण भटजींनी आणि रिसॉर्टवाल्याने मिळून दिलेली हीच एक तारीख होती.

माणसं साधारण १८०. पुण्याहून ऐंशी, मुंबईकडून सत्तर, नाशिकहून काकांकडचे वीसेक, नागपूरहून आईच्या माहेरचे दहा-बाराजण ज्यात निम्मे सत्तरीच्या पुढचे. रिसॉर्टमध्ये खोल्या फक्त २२, बाकीचे तीन होमस्टेत, त्यातला एक पार आक्षीच्या बाजूला.

एका ट्रॅव्हल्सवाल्याने ५० सीटर तीन बस सांगितल्यात, तीनही दिवस तुमच्याकडेच उभ्या राहतील म्हणतो. बाबा म्हणतात घेऊन टाक, डोक्याला ताप नको. मला काहीतरी चुकतंय असं वाटतंय पण नक्की काय ते कळत नाहीये. रोरोने (गाडी चढवता येते ती बोट) आणावं का रस्त्याने, आणि तिथे पोचल्यावर होमस्टे ते रिसॉर्ट कसं फिरवायचं?

सुपारीची_वाडी

मी इथलाच, म्हणून स्पष्ट लिहितो. ५० सीटर घेऊ नका. अलिबाग-रेवदंडा रस्त्यापर्यंत येईल हो ती, एसटी येतेच की, पण मेन रोड सोडून समुद्राकडे जे रस्ते आत जातात ते दोन्ही बाजूंनी वाड्यांच्या गडग्यांमधून जातात, समोरून एक इनोव्हा आली तरी कोणीतरी रिव्हर्स घ्यायचा असतो. बस वळवायला जागाच नाही. मग होतं काय, बस रोडला उभी राहते आणि शालू नेसलेल्या बायका अर्धा किलोमीटर बॅगा ओढत चालतात. आणि तीन बस तीन दिवस उभ्या करायच्या कुठे? रिसॉर्टला विचारा पार्किंग किती गाड्यांचं आहे. बहुतेक ठिकाणी खोल्यांइतकंही नसतं, आणि तुमचे निम्मे पाहुणे तरी स्वतःची गाडी काढणारच.

आतल्या आत फिरवायला इथली मिनीडोर बघा. सहा सीटर रिक्षा. दिसायला काही खास नाही, लग्नाच्या फोटोत घेऊ नका, पण कुठल्याही गल्लीत शिरते, ड्रायव्हरला प्रत्येक वाडीचं नाव माहीत असतं. गुगल मॅपवर होमस्टेचा पिन कधीकधी शेजारच्या गल्लीत दाखवतो, मिनीडोरवाल्याला नुसतं घरमालकाचं आडनाव सांगा. चार-पाच गाड्या दिवसाच्या बोलीवर ठरवा. फक्त सुट्टीच्या वीकेंडला त्यांचा धंदा बीचवर जोरात असतो त्यामुळे आधी ठरवून बयाणा देऊन ठेवा, आयत्या वेळी स्टँडवर जाल तर कोणी उभंही करणार नाही.

आणि महत्त्वाचं, फोन केला की गाडी येईल असं ठेवू नका. फेरी ठेवा. दर अर्ध्या तासाला आक्षीहून निघणार, दोन होमस्टे घेत रिसॉर्टला, तशीच परत. ज्याला जायचंय तो गेटवर उभा राहील. फोनवर ठेवलं तर एक आत्या एकटी अख्खी गाडी घेऊन जाते आणि बाकीचे पाचजण ताटकळत बसतात.

चाकं_आणि_चहा

माझा स्वतःचा धंदा आहे चिंचवडला, त्यामुळे थोडं धंद्याच्या बाजूने.

त्या माणसाने तीन बस सांगितल्या कारण त्याच्याकडे त्या रिकाम्या आहेत. ऐंशी माणसं म्हणजे ऐंशी सीट नव्हे. पुण्याहून तुमचे निम्मे स्वतःच्या गाडीने येणार, उरले चाळीस. त्यांना एक ३५ सीटर आणि एक १७ सीटर टेम्पो ट्रॅव्हलर पुरेल. १७ सीटर म्हणजे १७ माणसं बॅगांसकट असं धरू नका, लग्नाच्या बॅगा असतात, आहेराची खोकी असतात, रुखवत असतं. बारा-तेरा माणसं धरा, मागच्या सीटवर सामान. नाहीतर कॅरिअरवाली गाडी मागा आणि ताडपत्री आहे ना ते विचारून घ्या.

गाडी उभी ठेवायची का सोडून द्यायची हा हिशोब करा. बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला किमान अमुक किलोमीटर लावतातच, बऱ्याच ठिकाणी २५० ते ३००, गाडी जागेवरून हलली नाही तरी. वर ड्रायव्हरचा भत्ता, नाईट, टोल, पार्किंग. पुणे-नागाव दीडशेच्या आसपास पडतं. म्हणून सोडायला एक गाडी आणि न्यायला रविवारी दुसरी, असं दोन वेगवेगळ्या ड्रॉपचं भाडं मागून बघा, खूपदा तीन दिवसांपेक्षा स्वस्त पडतं. रिकामी परत येण्याचे पैसे लावतील, तरीही.

नंबरची पाटी पिवळीच, म्हणजे भाड्याच्या परवान्याची, बघा. ओळखीच्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी डिझेल टाकून आणायची आयडिया कोणीतरी काका हमखास काढतात, भाडं घेऊन ती चालवली आणि काही झालं तर इन्शुरन्सवाला हात वर करतो.

पुण्याहून रस्ता सरळ आहे, एक्स्प्रेसवेने खोपोलीला उतरायचं, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड. शुक्रवारी पहाटे पाच-साडेपाचला गाडी हललीच पाहिजे. आठला निघालात तर आधी खंडाळ्याचा घाट आणि मग वडखळनंतरचा दोन पदरी रस्ता, दोन्हीकडे मुंबईकरांच्या मागे उभे राहाल आणि हळदीला पोचाल तेव्हा हळद वाळलेली असेल. ताम्हिणीने जाऊ म्हणणारे निघतील, लग्नाच्या गाडीत वळणं नकोत.

स्पष्टच_सांगतो

एवढं सगळं कशाला? पत्रिकेत लोकेशन टाका, ज्याला यायचंय तो येईल. आमच्या वेळी एसटीने येत होते लोक.

मामी_ऑन_ड्यूटी

@स्पष्टच_सांगतो काका, तुमच्या वेळी लग्न गावातल्याच कार्यालयात होतं आणि एसटी दारात थांबत होती. सत्तरीच्या माणसाला आपण समुद्रावर बोलवायचं आणि वर तुमचं तुम्ही या म्हणायचं, हे काही बरं दिसत नाही.

आता कोथरूडवाल्या दादाला. माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न अलिबागकडेच झालं, गाड्यांचं खातं माझ्याकडे होतं. गुगल फॉर्म पाठवला होता भाच्याने, फार छान दिसत होता, भरला तरुण पोरांनी ज्यांना गाडीची गरजच नव्हती. बाकीच्यांना एकेकाला फोन लावावा लागतो. आणि फोनवर "येणार का" विचारायचं नाही, सगळे येतोच म्हणतात. "शुक्रवारी सकाळी स्वारगेटहून येताय की वाकडहून" असं विचारायचं, म्हणजे खरं काय ते बाहेर येतं. त्यातच विचारून घ्यायचं गाडी लागते का, गुडघे कसे आहेत, टेम्पो ट्रॅव्हलरची पायरी उंच असते, एक लाकडी पाट किंवा छोटं स्टूल ड्रायव्हरजवळ देऊन ठेवा, कोणी सांगत नाही पण लागतंच. गाडी लागणाऱ्यांना पुढच्या सीट, गोळी निघायच्या अर्धा तास आधी, बसल्यावर नाही.

प्रत्येक गाडीत आपलं एक माणूस. नुसतं बसलेलं नाही, यादी हातात असलेलं, ड्रायव्हरचा नंबर असलेलं. नवरीच्या भावाने हे काम अजिबात घ्यायचं नाही, तुला त्या दिवशी दुसरी शंभर कामं असतील, तुझा फोन लागणार नाही.

आणि पाहुण्यांच्या यादीत नसलेली माणसं मोजा! भटजी, मेकअपवाली आणि तिची असिस्टंट, मेहंदीवाल्या, फोटोग्राफरची चार पोरं त्यांच्या पेट्यांसकट, सनईवाले. आमच्याकडे भटजी अलिबाग स्टँडवर उतरून कोणीतरी घ्यायला येईल म्हणून उभे आणि इकडे अंतरपाट धरायला माणसं तयार. मिनीडोर पाठवून आणले शेवटी.

अजून एक, ड्रायव्हर लोकांचं जेवण आणि झोपायची जागा. गाडीतच झोपतात म्हणून सोडून देऊ नका, त्याच माणसाच्या हातात रविवारी आपली चाळीस माणसं असतात.

सुपारीची_वाडी

मामींनी सगळं खरं लिहिलंय. बोटीचं राहिलं होतं ते सांगतो.

मुंबईकडच्यांना दोन पर्याय. गेटवेहून मांडव्याला साध्या बोटी आहेत, तासाभरात येतात. काही बोटींच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते, पण ती अलिबागला सोडते, पुढे नागाव आठ-नऊ किलोमीटर तुमचं तुम्ही. तरुण मंडळींना हे ठीक. बोटीत चढता-उतरताना भरती-ओहोटीप्रमाणे पायऱ्या आणि बोट वरखाली असते, त्यामुळे म्हाताऱ्यांना, मोठ्या बॅगांना नको. दुसरी भाऊच्या धक्क्याहून रोरो, २०२० पासून आहे, यात गाडी थेट बोटीच्या पोटात जाते, सामान उतरवायची भानगड नाही. पण गाडीची जागा आधी ऑनलाइन घ्यावी लागते आणि अशा वीकेंडला रविवार दुपार-संध्याकाळची परतीची सगळ्यात आधी भरते. शुक्रवार जाण्याची मिळाली म्हणून खूश होऊ नका, दोन्ही बाजूची एकदमच घ्या.

मांडवा ते नागाव तीसेक किलोमीटर. एरवी तास. शनिवारी चोंढी नाका आणि अलिबाग शहर मिळून दोन तासही खातो. त्यामुळे "बोटीने एका तासात" हे पाहुण्यांना सांगू नका.

आता तुमची खरी अडचण. गोरज मुहूर्त म्हणजे पावणेसातच्या आसपास अक्षता. जेवणं उरकेपर्यंत नऊ-साडेनऊ, तेव्हा मांडव्याला जाऊन बोट मिळेल हे विसरा. ठाण्या-डोंबिवलीचे जे फक्त लग्नापुरते येणार त्यांना बोटीने आणलंत तरी परत न्यायला रस्त्याचीच गाडी लागणार. याचा विचार कोणीच करत नाही आणि मग रात्री दहाला वीस माणसं गेटवर उभी असतात आणि इथे ओला-उबर मिळेल म्हणून फोन हलवत असतात.

चाकं_आणि_चहा

+१. मुंबईच्या एकदिवसीय पाहुण्यांना २६ सीटर मिनीबस रस्त्यानेच, दुपारी दोनला ठाण्याहून, डोंबिवलीच्या लोकांना वाटेत कळंबोलीला घेऊन. रात्री दहाला तीच परत, पनवेल-कळंबोली-ठाणे. शनिवारी रात्री अलिबागहून बाहेर जाणारा रस्ता मोकळा असतो, गर्दी आत येणारी असते. ड्रायव्हर मात्र सकाळपासून दुसरं भाडं मारून आलेला नको, हे बुकिंग करतानाच बोलून घ्या आणि लेखी घ्या.

मुक्काम_पोस्ट_कोथरूड

बापरे. एवढं तर इव्हेंटवाल्यानेही सांगितलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, मामी तुमचा स्टूलचा मुद्दा आईला वाचून दाखवला, ती म्हणाली ह्या बाईंनाच बोलाव.

रिसॉर्टला फोन केला, पार्किंग १४ गाड्यांचं. शेजारच्या वाडीवाल्याचं मोकळं आवार दोन दिवसांसाठी मिळतंय. बाबांना ५० सीटरवरून खाली आणलंय, ३५ वर तडजोड झालीय.

उरले नागपूरवाले. त्यांची दुरांतोची तिकिटं काढायचं चाललंय, सकाळी सीएसएमटीला उतरतील. तिथून भाऊचा धक्का जवळच आहे ना? का विमानाने आणू?

मामी_ऑन_ड्यूटी

जवळच आहे, पण रात्रभर प्रवास करून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना लगेच बोटीवर चढवायचं का? आंघोळ नाही, चहा नाही. आणि ट्रेन तासभर लेट झाली की रोरो गेली. शुक्रवारची ट्रेनच नको, त्यांना गुरुवारी सकाळी आणा, डोंबिवलीला मुलाकडच्यांकडे किंवा कोणाकडेतरी एक दिवस आराम, शुक्रवारी सकाळी तिथूनच गाडीने. ट्रेन कल्याणला थांबते का बघा, तर सीएसएमटीपर्यंत जायचं कामच नाही.

सुपारीची_वाडी

विमानाचं म्हणाल तर आता नवी मुंबई विमानतळ सुरू झालाय, नागपूरहून सोयीच्या वेळेची फ्लाइट तिथे मिळाली तर बघा. पेणमार्गे सरळ इकडे, मुंबई शहरात शिरायची गरजच नाही. सांताक्रूझला उतरलात तर आधी मुंबई ओलांडा, मग अटल सेतू, मग पेण. बारा माणसांना एक ट्रॅव्हलर, आठवडाभर आधी फ्लाइट नंबर ड्रायव्हरला देऊन ठेवा.

मिनीडोरचं सांगायचं तर माझ्या ओळखीचे तिघे-चौघे आहेत, वेळा ठरल्या की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बोलून देतो. आणि शुक्रवारी रात्री हळदीनंतर पोपटी (मडक्यात वालाच्या शेंगा वगैरे भाजतात ती) लावणार असाल तर आक्षीवाल्यांची शेवटची फेरी अकराच्या आधी ठेवू नका, मडकं फुटेपर्यंत कोणी उठत नाही.