शब्दचर्चा: अमेरिकेतल्या 'टाउनशिप'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
माझ्या मावसबहिणीने मिशिगनमध्ये शेतजमीन घेतली आहे. मावशीला वाचता यावं म्हणून खरेदीखत मराठीत करते आहे. जमिनीच्या वर्णनात आहे: 'टाउनशिप ३ उत्तर, रेंज ५ पूर्व, सेक्शन ८'. खाली मात्र टाउनशिपला चक्क नाव दिलंय. आधी 'नगरी' लिहिलं, मग 'वसाहत', दोन्ही खोडलं. मावशी विचारते, "म्हणजे पुण्यातल्या मगरपट्ट्यासारखी इमारतींची वसाहत का गं?" तिथे तर नजर पोचेल तिथवर मका आणि सोयाबीन.

उत्तर १
ताई, तुमच्या कागदात दोन वेगळ्या टाउनशिप आहेत. आकड्यांची आहे ती मोजणीची, नावाची आहे ती कारभाराची.

सरकारी जमीन विकण्याआधी मोजायची, हे १७८५ च्या अध्यादेशाने ठरलं. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा चौकोन म्हणजे एक टाउनशिप. तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकर. त्यातला सोळावा शाळेसाठी राखून ठेवायचा. मिशिगनची मोजणी ज्या आडव्या रेषेवरून सुरू होते, तिच्यावरूनच डेट्रॉइटच्या उत्तर हद्दीचा एट माइल रोड जातो. '३ उत्तर' म्हणजे त्या रेषेपासून उत्तरेला तिसरी रांग. 'रेंज ५ पूर्व' म्हणजे तशाच एका उभ्या रेषेपासून पूर्वेला पाचवी पट्टी. सेक्शनचे आकडे ईशान्य कोपऱ्यातून पश्चिमेकडे सहापर्यंत जातात, सातवा सहाच्या खाली, तिथून परत पूर्वेकडे. नांगरताना तास संपला की बैल वळवतात ना, अगदी तसे. आठवा त्यामुळे दुसऱ्या रांगेत, पश्चिमेकडून दुसरा.

मोजणीच्या टाउनशिपला मी 'मौजा' म्हणेन. 'गाव' म्हटलं की घरं, पार, देऊळ डोळ्यांसमोर येतं. मौजाला वस्ती लागत नाही. आपल्या महसुली दप्तरात बेचिराग, म्हणजे ओस पडलेले मौजेही असतातच.

उत्तर २
'मौजा' मला पटत नाही. आपली शीव ओढ्याने, बांधाने वळत जाते. हा चौकोन ओढा असो की दलदल, सरळ रेषेतच जातो. शिवाय ३६ चौरस मैल म्हणजे आपल्या बहुतेक मौजांहून कितीतरी मोठं. 'मोजणी-चौकोन' म्हणा, कुणाचा गैरसमज होणार नाही.

एक नातं मात्र खरंच आहे. ही मोजणी ६६ फुटी साखळीने झाली. ८० साखळ्यांचा मैल. तिच्या निम्म्या, ३३ फुटी साखळीचा चौरस म्हणजे आपला गुंठा.

उत्तर १
'मोजणी-चौकोन' चांगला आहे, मौजा मागे घेतो.

आता नावाची टाउनशिप. हिला 'ग्रामपंचायत' म्हणावंसं वाटतं आणि बरंचसं जुळतंही. मिशिगनमध्ये सुपरवायझर, क्लार्क, ट्रेझरर आणि दोन किंवा चार ट्रस्टी मिळून बोर्ड होतं. सगळे चार वर्षांसाठी लोकांनी निवडलेले. क्लार्क निवडणुका घेतो. ट्रेझरर मालमत्ता कर गोळा करतो, त्यात काउंटीचा (तिथल्या जिल्ह्याचा) आणि शाळेचा वाटाही येतो. पण म्हणून क्लार्कला 'ग्रामसेवक' करू नका. ग्रामसेवक (आताचा 'ग्रामपंचायत अधिकारी') नेमलेला असतो, हा मतं मागून निवडून येतो. सुपरवायझरही सरपंच नव्हे. ही पदं आहेत तशीच ठेवा.

आणखी एक गोष्ट. हिच्या हद्दीत एखादं व्हिलेज, म्हणजे स्वतःचा वेगळा कारभार असलेलं छोटं गाव असेल, तर तिथले लोक व्हिलेजचेही आणि टाउनशिपचेही. कर दोन्हीकडे भरतात. म्हणून टाउनशिपलाच 'गाव' म्हटलंत तर गाव गावाच्या पोटात जाईल. 'टाउनशिप' हाच शब्द ठेवून पहिल्यांदा 'ग्रामीण स्थानिक स्वराज्य संस्था' असा खुलासा करा.

प्रश्नकर्ती
दोघांचे मनापासून आभार. खरेदीखतात पुढे सेक्शनचे 'क्वार्टर' म्हणजे चौथे भाग येतात, त्यांना मी 'चतुर्थांश' लिहिलं होतं. मावशीला वाचून दाखवताना सहज 'चतकोर' म्हणाले आणि तिला लगेच कळलं. तिने ताटातल्या भाकरीचे चार भाग करून दाखवले, त्यातल्या एकाचे पुन्हा चार. आता वाक्य असं आहे: "मोजणी-चौकोन ३ उत्तर, उभी पट्टी ५ पूर्व, सेक्शन ८, त्याच्या वायव्य चतकोरातला नैर्ऋत्य चतकोर, क्षेत्र ४० एकर." मावशीने त्याखाली पेन्सिलीने लिहिलंय: १६०० गुंठे.