काउन्सेलिंगचा आधीचा अनुभव वाईट आहे, परत जाऊ का?

निशिगंधा_स
नमस्कार, बरीच वर्षं नुसती वाचतेय, लिहायची पहिलीच वेळ, लांबण लागली तर सांभाळून घ्या. लग्नाला नऊ वर्षं झाली, मागच्या दिवाळीपासून लेकीला घेऊन माहेरी आहे, सांगलीजवळ तालुक्याच्या गावात. मारहाण क्वचित व्हायची पण बाकीचं रोजचं होतं, माझं पगाराचं एटीएम कार्ड सासूबाईंकडे, आईला फोन लावला की स्पीकरवर ठेवायचा, आणि संध्याकाळी नवरा आला की चप्पल काढायच्या आधी ओट्यावरून बोट फिरवून बघायचा. आता इथे कुणी काही म्हणत नाही, पण बाहेर कुणाची बाइक येऊन बंद झाली की माझा हात आपोआप फडक्याकडे जातो आणि मी ओटा पुसायला लागते. आई आधी हसायची, आता नाही हसत. झोपेचं तर विचारूच नका.

निघायच्या आधी एका ठिकाणी तक्रार घेऊन गेले होते. तिथे दोघांना समोरासमोर बसवलं, बाईंनी माझं थोडकं ऐकलं, त्याचं निवांत ऐकलं, आणि मग म्हणाल्या पदरात मुलगी आहे, थोडं तू सोड थोडं तो सोडेल. कागदावर सह्या घेतल्या आणि घरी पाठवलं. त्या रात्री काय झालं ते इथे लिहीत नाही. आता मैत्रीण मागे लागलीय काउन्सेलिंग घे म्हणून आणि नुसतं ऐकून माझ्या पोटात गोळा येतो. वर त्याचाही निरोप आलाय की दोघं मिळून काउन्सेलरकडे जाऊ. आईचं म्हणणं शाळेत नोकरी लागलीय ना, कामात राहिलीस की विसरशील. मला एवढंच विचारायचंय की परत तसंच होणार नाही कशावरून? आणि गावात बोभाटा न होता, परवडेल असं काही आहे का?

पाऊलवाट
ताई, मी हेच काम करते, पुण्यात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्हाला जिथे बसवलं तिथे सगळ्यांचं लक्ष केस मिटवण्याकडे होतं, तुमची झोप आणि तुमची भीती हा तिथे कुणाचाच विषय नव्हता. बाई वाईट होत्या असं नाही म्हणत, पण पुन्हा नांदायला पाठवलं की काम झालं असं मोजणाऱ्या जागा आपल्याकडे खूप आहेत. त्यामुळे कुठेही जायच्या आधी फोनवरच सरळ विचारा, तुमचं काम समेट घडवायचं आहे का माझ्यासोबत बसायचं? आडपडदा न ठेवता विचारा, राग येत नाही आम्हाला.

आणि हे माहीत असू द्या. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम 14 खाली मॅजिस्ट्रेट समुपदेशनाला पाठवू शकतात, आणि 2006 च्या नियमात स्पष्ट लिहिलंय की ज्याच्यावर तक्रार आहे त्याला तिथे हिंसेचं समर्थन करता येणार नाही, आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगायचं. म्हणजे "ती उलट बोलली म्हणून हात उठला" हे तिथे चालतच नाही. तुमच्या बैठकीत तो एवढा वेळ काय बोलला असेल याचा मला अंदाज आहे. याच कायद्यात कार्ड काढून घेणं, घालूनपाडून बोलणं हेही हिंसेतच येतं, मारलंच पाहिजे असं नाही.

दोघांनी मिळून जायचं सध्या अजिबात नाही. भीती आहे तोवर जोडप्याला एकत्र बसवू नये, कारण खोलीत खरं बोललात की त्याची किंमत घरी गेल्यावर चुकवावी लागते, ते तुम्हाला मी काय सांगू.

ओटा पुसण्याबद्दल. तुम्हाला वेड लागत नाहीये. नऊ वर्षं बाइकचा आवाज म्हणजे धोका होता, मग शरीर डोक्याला विचारत बसत नाही. आम्ही सुरुवातीला सगळी कहाणी काढायला लावतच नाही, आधी झोप, जेवण, रात्री घरात सोबत कोण असतं, फोनचा पासवर्ड बदलला का, कागदपत्रं कुठे आहेत, असलं बोलतो. जुनं कधी काढायचं ते तुम्ही ठरवायचं, नाही काढलं तरी चालतं. झोप फारच गेली असेल तर सायकिअॅट्रिस्टनाही दाखवा, काउन्सेलर औषध देऊ शकत नाही. तुम्ही बोललेलं घरच्यांना सांगितलं जात नाही. अपवाद जिवाला धोका असेल तर, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार कळला तर, पॉक्सो कायद्याने तो पोलिसांना कळवावाच लागतो. चांगला काउन्सेलर हे पहिल्याच भेटीत सांगतो.

जुनाखोड
राग मानू नका पण आमच्या वेळी हे काउन्सेलिंग वगैरे काही नव्हतं तरी संसार झालेच ना. घरातलं चार भिंतीत मिटवलेलं बरं असतं.

लिंबोणी
काका, झाले ना संसार, ओट्यावरून बोट फिरवून घेत झाले. जाऊ दे.

निशिगंधा, मी मुंबईची. माझं मनगट मोडलं तेव्हा वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये गेले, जिन्यावरून पडले म्हणून सांगितलं, तर प्लास्टर झाल्यावर सिस्टरने हळूच तिथल्याच 'दिलासा'त, म्हणजे घरी त्रास होणाऱ्या बायकांसाठीच्या केंद्रात नेऊन बसवलं. हे केंद्र हॉस्पिटलच्या आतच असल्यामुळे घरी "हात दाखवायला जाते" एवढंच सांगावं लागायचं, कुणाला पत्ता लागला नाही. तिथल्या ताईने एकदाही विचारलं नाही की तू काय केलंस. नंतर मी प्रायव्हेटमध्येही गेले, तर पहिल्या बाई म्हणाल्या माफ करून टाका म्हणजे हलकं वाटेल. मी फी दिली आणि परत गेले नाही. बदलता येतो गं काउन्सेलर, डेंटिस्ट बदलतो तसा.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही, सुरुवातीला सेशन झाल्यावर जास्तच वाईट वाटतं. डोकं जड, चिडचिड, भाजी करपते. त्या दिवशी पाहुणे, कोर्टाची तारीख असलं काही ठेवू नकोस. आणि आईचं पण अगदीच चूक नाही, नोकरीने मला खूप सावरलं, फक्त रात्री नोकरी नसते.

मी_कोल्हापूरकर
मी पुरुष आहे, तो 2005 चा कायदा फक्त बायकांसाठी आहे त्यामुळे त्यावर बोलत नाही. आमच्या वडलांनी आम्हा भावंडांना पट्ट्याने फोडलेलं, आणि मला मुलगा झाल्यावर ते सगळं वर आलं, त्याला ओरडलो की माझेच हात थरथरायचे. मी टेली मानस या मानसिक त्रासासाठीच्या हेल्पलाइनला फोन केला, 14416, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठी निवडता येतं. नाव खरं सांगायची पण सक्ती नाही केली. तुमच्या गावात बोभाटा होणार नाही, गच्चीत जाऊन बोला.

पाऊलवाट
+1. अजून दोन पत्ते. 181 महिला हेल्पलाइन, तिथून जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरला जोडून देतात, तिथे समुपदेशन, वकील, पोलिसांची मदत आणि वेळ पडली तर काही दिवस राहायची सोय एकाच ठिकाणी. दुसरं म्हणजे महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केला, आता महाराष्ट्रात बऱ्याच जिल्ह्यांत आहे. बसतात पोलिसांच्या आवारात पण त्या प्रशिक्षित सोशल वर्कर असतात. वकिलाचा खर्च नको असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, बाईला पगार कितीही असला तरी मोफत वकील मिळतो. माहेरी आलात म्हणून तक्रारीचा हक्क गेला असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, पूर्वी एका घरात राहिलात तेवढं पुरतं.

निशिगंधा_स
सगळ्यांचे आभार, लिंबोणीताई भाजी करपते वाचून खूप दिवसांनी हसले. काल रात्री 14416 लावला. पलीकडे मराठी बोलणारी मुलगी होती, मी बराच वेळ नुसती रडले तर ती म्हणाली घाई नाही, मी आहे लाइनवर. परत फोन करायचं ठरलंय. त्याला एकत्र येणार नाही असं भावाकरवी कळवलं. आता लेकीचं, सात वर्षांची आहे, इथे आल्यापासून परत अंथरूण ओलं करायला लागलीय. तिलाही माझ्याच काउन्सेलरकडे नेऊ का?

पाऊलवाट
तिच्यासाठी वेगळी व्यक्ती बघा, लहान मुलांसोबत काम करणारी, ते खेळातून आणि चित्रातून बोलतात. अंथरुणावरून रागवू नका, या वयात घर बदललं की होतं असं, पण एकदा डॉक्टरांना दाखवून लघवीचं इन्फेक्शन नाही ना ते बघा. बाबा काय म्हणाले, आजी काय म्हणाली असं तिला विचारू नका आणि तिच्या हातून निरोपही नकोत. लेकीच्या ताब्याचा तात्पुरता आदेश त्याच 2005 च्या कायद्याच्या कलम 21 खाली मागता येतो, ते वकिलाशी बोला. आणि उद्याच्या उद्या शाळेत लेखी देऊन ठेवा की तिला न्यायला तुम्ही आणि तुमचा भाऊ सोडून कुणी आलं तर आधी तुम्हाला फोन करायचा.